‘झक्कन’ आणि दुसरा परीक्षक

सीपरी बाजार, झाशी
माघ वद्य पंचमी

साडूवर्य श्री. गोपाळराव यांच्या सेवेशी, झाशीहून मधुसूदनाचा, कंबर जितकी वाकू देते तितका वाकून नमस्कार.

आपले गुडघे कसे आहेत? विजूताईंनी फोनवर हिला सांगितले की आपण आता जिना उतरताना कठड्याशी वाद घालत नाही, मुकाट्याने धरता. ऐकून बरे वाटले. आपल्यासारख्या भाषाशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने कोणाचा तरी आधार मान्य केला, ही लहान गोष्ट नव्हे. इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत. थंडी सरत आली आहे, पण सकाळी लक्ष्मी तालाकडे फिरायला जाताना कानाला मफलर लागतोच.

पत्र हाताने लिहिले याचे आश्चर्य वाटू देऊ नका. ई-मेल करणार होतो; परंतु ई-मेल एका बोटाने कोणाकडेही ढकलता येते, आणि ज्या गृहस्थाविषयी लिहायचे आहे त्याच्यापर्यंत हा मजकूर जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. पत्र मात्र फक्त आपणच वाचाल, याबद्दल मी निश्चिंत आहे.

विषयाचे मूळ आपल्याला आठवत असेल, नसेल तर आठवण देतो. ग्वाल्हेरच्या लग्नात, पंगतीत, आपण शेजारच्या कोणा डॉक्टरांशी माझी ओळख करून दिलीत: “हे आमचे साडू. भाषेचे हौशी अभ्यासक.” हौशी. मी काही बोललो नाही, कारण तोंडात जिलबी होती. पण त्या दिवशी मी जिलबी खाल्ली नाही, ‘हौशी’च चघळला. मान्य आहे, मी विमा कचेरीतला हेडक्लार्क. मोडी मी स्वतः शिकलो, व्याकरण स्वतः वाचले, संस्कृतही स्वतःच गाठले (ते अजून थोडे पुढे आहे). मला कोणी शिकवले नाही, त्यामुळे मला चुकीचे शिकवणाराही कोणी झाला नाही, हा फायदा विद्यापीठवाल्यांच्या लक्षात येत नाही. पण पंगतीतल्या डॉक्टरांना हे सांगत बसता येत नाही. म्हणून ठरवले की एक लेख परीक्षकांनी तपासून पसंत केलेला, रीतसर, संशोधनाच्या त्रैमासिकात छापून आणायचा. हौशी माणसाचा लेख गणपतीच्या स्मरणिकेत येतो. त्रैमासिकात आला की माणूस अभ्यासक होतो, मागचे विशेषण गळून पडते. (त्रैमासिकाचे नाव लिहीत नाही. आपल्याला ठाऊक असण्याचे काही कारण नाही.)

विषय माझ्याकडे तयार होता. झाशीच्या जुन्या मराठी घरांत पातेल्यावरच्या झाकणाला ‘झक्कन’ म्हणतात. आमच्याकडे म्हणतात, आणि पुण्याला आपल्याकडेही म्हणतात, हे मी स्वतःच्या कानांनी आपल्या स्वयंपाकघरात ऐकले आहे. हा शब्द कोणत्याही कोशात नाही. कोशात नसणे हा माझ्या मते त्याच्या प्राचीनत्वाचाच पुरावा आहे. माझा सिद्धांत असा: किल्ल्यावरच्या मराठी गोलंदाजांना पावसाळ्यात तोफेचे बत्ती द्यायचे छिद्र कोरडे ठेवावे लागत असणार, त्यावर ते लोखंडी चकती ठेवत असणार, ती बसताना ‘झक्’ असा आवाज होत असणार, आणि सत्तावननंतर गोलंदाजी सुटल्यावर त्यांच्या बायकांनी ती चकती, नावासकट, वरणाच्या पातेल्यावर ठेवली असणार. (‘असणार’ फार झाले हे मला दिसते. लेखात मी सगळीकडे ‘असे दिसते’ केले आहे.) आपल्या घरचा पुरावा ‘शब्दाचा परतीचा प्रवास’ या उपशीर्षकाखाली घातला, आपले नाव न घेता. ‘दख्खनमधील एक सुशिक्षित कुटुंब’ म्हणजे आपण.

सदर बाजारात एका भैयाजींकडून टंकन करून घेतले. त्यांचे मराठी शून्य, पण बोटे शुद्ध. शेवटी त्यांनी विचारले, “सर, लेखक में एक ही नाम? आजकल तो चार-पाँच रहते हैं। हमारे यहाँ एक मैडम आती हैं, उनके पेपर में उनके पति का नाम है, और पति को पता नहीं पेपर काहे पर है।” मी म्हटले, नीती नावाची काही चीज आहे. ते म्हणाले, “वो अलग से टाइप करना पड़ेगा?” आणि खरोखर ते अलगच टाइप करावे लागले, कारण लेखासोबत नीतिविषयक निवेदन जोडायचे होते, आणि खरी कथा तिथून सुरू होते.

निवेदनात एक रकाना होता: ‘लेखकाने आपले हितसंबंध जाहीर करावेत.’ आता संबंध म्हणजे काय हे झाशीच्या मराठी माणसाला शिकवायला नको. आपल्याकडे संबंध एकाच गोष्टीला म्हणतात: मुलगी दिली, मुलगी घेतली, किंवा देता-घेता राहिली. शिवाय माझा स्वभाव आपण जाणता. विचारले की अर्धवट सांगणे मला जमत नाही. त्रैमासिकाच्या संपादक मंडळाची नावे मुखपृष्ठाच्या आत होती. आठवडाभर मावश्या, आत्या, ग्वाल्हेरचे, सागरचे, इंदूरचे सगळे फोन पालथे घातले आणि प्रत्येक नावापुढे संबंध लिहिला. संपादिका इंदिराबाईंपुढे लिहिले: ‘यांच्या चुलत आजीचे स्थळ आमच्या आजोबांना सांगून आले होते. पत्रिका जुळली नाही. आमच्या बाजूने रोष नाही.’ एका सदस्यांपुढे: ‘यांचे जावई आमच्या मामेबहिणीच्या दिरांचे सख्खे साडू. येणेजाणे नाही, ते का नाही हे स्वतंत्र कागदावर लिहिता येईल.’ आणखी एकांपुढे: ‘संबंध नाही, परंतु माझ्या पुतणीसाठी बोलणी चालू आहेत.’ एकही नाव कोरे राहिले नाही. (आपले नाव मंडळावर नव्हते, म्हणून आपला उल्लेख केला नाही. न विचारलेले सांगणे हा आगाऊपणा झाला असता.)

इंदिराबाईंचे उत्तर फार सौजन्याचे होते. त्यांनी लिहिले की त्रैमासिकाच्या इतिहासात इतके परिपूर्ण निवेदन आले नव्हते. तथापि ते वाचल्यावर मंडळातल्या कोणालाच हा लेख तपासता येणार नाही, त्यांना स्वतःलाही पाहता येईल की नाही याची शंका आहे, आणि पुतणीची बोलणी कुठवर आली हे कळवल्यास बरे. (शेवटचे वाक्य खासगी म्हणून समजावे असे त्यांनीच कंसात लिहिले होते.) सबब परीक्षक बाहेरून शोधावे लागले. इथे गोपाळराव, नीतीची खरी गंमत आहे. ज्याला झाशीची मराठी कळते तो आमचा नातेवाईक निघतो. जो नातेवाईक नाही त्याला ती कळत नाही. आणि नियमाप्रमाणे यांपैकी दुसरा चालतो.

तसा पहिला परीक्षक मिळाला. निःपक्षपाती माणूस कसा असावा याचा तो आदर्श होता; त्याला विषयाबद्दल प्रेम नाही, द्वेष नाही, माहितीही नाही. त्याने लिहिले की ‘झक्कन’ हे झटकन, पटकन यांच्या जातीचे क्रियाविशेषण असून लेखकाने ते पातेल्यावर का ठेवले आहे याचा खुलासा व्हावा. शिवाय, ‘झाशीत मराठी बोलली जाते, या विधानाला संदर्भ द्यावा.’ हा शेरा मी हिला मोठ्याने वाचून दाखवला. मराठीत. झाशीत. ही म्हणाली, “अहो, हळू बोला, संदर्भ शेजारी ऐकू जातोय.” असो. त्याच्यावर माझा राग नाही. अज्ञान प्रामाणिक होते.

राग आहे तो दुसऱ्या परीक्षकावर. त्याचा अहवाल लांब होता, समासासह सुबक. पहिला मुद्दा: ‘गोलंदाजांचा सिद्धांत मनोरंजक आहे.’ मनोरंजक म्हणजे काय ते मला कळते. दुसरा: दख्खनमधील सुशिक्षित कुटुंब हा स्वतंत्र पुरावा नव्हे, कारण ‘त्या घरातील गृहिणी झाशीचीच असावी.’ (कशावरून?) आणि तिसरा मुद्दा अक्षरशः उतरवून देतो: ‘हा शब्द लेखकाच्या घरात त्याच्या विवाहानंतर आला असावा. लेखकाच्या मातुःश्री झाकण असेच म्हणत.’

आता पाहा. परीक्षण गुप्त. लेखकाचे नाव परीक्षकाला कळत नाही, परीक्षकाचे लेखकाला नाही. माझे नाव मी स्वतः खोडले होते. गावातल्या गल्लीचे सुद्धा खोडले होते, आणि आईचा उल्लेख ‘एक वयोवृद्ध माहितीदार’ असा केला होता. मग माझी आई झाकणाला काय म्हणे हे या गृहस्थाला कसे ठाऊक? त्यासाठी माझ्या आईच्या हातचे जेवायला बसलेले असले पाहिजे, आणि ती हिला “झाकण काढ ग, कमल” म्हणत असताना वरणाकडे न पाहता तिच्या तोंडाकडे पाहिलेले असले पाहिजे. शिवाय ‘मातुःश्री’ हा शब्द विसर्ग देऊन लिहिणारे आज किती उरले आहेत? बहुतेक लोक मातोश्रींवर भागवतात.

तो कोण असावा याची मला यत्किंचितही कल्पना नाही. केवळ आपण या व्यवसायात हाडे झिजवलीत म्हणून विचारतो: ही नीती आहे काय? एखाद्याच्या घरी पोळीवर तूप वाढून घ्यायचे, त्याच्या पातेल्याचे झाकण मनात जपून ठेवायचे, आणि वीस वर्षांनी नाव न सांगता तेच झाकण त्याच्या डोक्यात घालायचे? त्रैमासिक परीक्षकाकडूनही निवेदन घेते म्हणे: ‘लेखकाशी माझा कोणताही संबंध नाही.’ त्या चौकटीत या महाभागाने बरोबरची खूण केलीच असणार. आता त्याची बाजूही मांडायला हवी म्हणून म्हणतो: साडू हा संबंध आहे की नाही, हे धर्मशास्त्रातही धड स्पष्ट नसावे. दोन परक्या माणसांनी एकाच घरच्या मुली केल्या, एवढेच. (साडूचा उल्लेख केवळ उदाहरणादाखल.)

मी दुरुस्त लेख पाठवला आहे. ‘असे दिसते’चे ‘असे मानण्यास जागा आहे’ केले आहे. आईविषयीचा मुद्दा ‘परीक्षकांनी ही माहिती कोठून मिळवली याचा संदर्भ द्यावा’ असे लिहून परत केला आहे. इंदिराबाई कळवतात की पहिल्या परीक्षकाने हात टेकले. आता सर्व काही दुसऱ्याच्या मतावर आहे.

विजूताईंना नमस्कार. लोभ आहेच, गुडघ्यांना तेल लावत जावे.

आपला,
मधुसूदन

ता. क. एक छोटेसे काम. आपण या क्षेत्रातले, सगळ्यांच्या ओळखीचे. तो दुसरा परीक्षक जर चुकून कधी आपल्याला भेटला (आरशात भेटला तरी हरकत नाही), तर त्याच्या कानावर घाला की माणसाने मतभेद ठेवावेत पण शेवटी ‘प्रसिद्धीस योग्य’ असे दोन शब्द लिहायला काय जाते. मी हे सांगितले असे कळू देऊ नये. लेखकाने परीक्षकाशी संपर्क साधणे नियमात बसत नाही, आणि नियम मी मोडत नाही.

ता. क. २. पाकीट बंद करण्यापूर्वी रिवाजाप्रमाणे खाली दोन ओळी लिहायला पत्र हिच्याकडे दिले. बहिणीला दोन ओळी लिहिण्यासाठी वरचे सगळे वाचायची गरज नसते, पण हिने वाचले. वाचताना मटार सोलत होती, ते थांबले. मग म्हणाली, “अहो, हा झक्कन मेरा है.”

मी विचारले, मेरा है म्हणजे काय.

“म्हणजे मी काढलाय. तीन वर्षांची असेन. आजी झाकण म्हणायची, आई ढक्कन म्हणायची, दोघींचं त्यावरून जुंपायचं. मी म्हटलं झक्कन. बाबांना एवढा आवडला, की त्यांनी घरात दुसरं काही म्हणायची बंदीच केली. विजूताईला पूछ लो, ती चिडवायची मला.”

मी म्हटले, लेखासाठी मी तुला रीतसर प्रश्नावली देऊन विचारले होते, हा शब्द तुमच्या माहेरी पूर्वीपासून आहे का, आणि तू ‘होय’वर खूण केलीस.

“तर? माझं लग्न होण्यापूर्वीपासून होताच की. और ये तोपवाला किस्सा तुम्ही मला दाखवलात कुठे? मी समजले, स्वयंपाकघरावर लिहिताय.”

एवढे बोलून ती पुन्हा मटार सोलू लागली. मी थोडा वेळ किल्ल्याच्या दिशेने पाहत बसलो. आमच्या खिडकीतून तो दिसत नाही.

ता. क. ३. वरील सर्व परिस्थितीत पहिल्या ताज्या कलमातली विनंती रद्द समजावी आणि पुढील समजावी. लेख मी आज मागे घेऊ शकतो. परंतु मागे घेतलेल्या लेखाचे कारण छापण्याचा त्रैमासिकाचा नियम आहे, आणि ते कारण माझ्यासमोर बसून मटार सोलते आहे. हिचे म्हणणे, छापू दे, मला काय. म्हणून त्या गृहस्थाला (तो कोण हे मला अजूनही ठाऊक नाही) कृपा करून सांगा की लेख साफ नापसंत करावा आणि खरे कारण, जे आता विजूताई त्याला जेवताना सांगतीलच, ते मात्र लिहू नये. नुसता कडक, मोघम शेरा पुरे. चूक झाली तर ती निस्तरावी लागते. अन्याय झाला तर माणूस इथल्या मराठी मंडळात ताठ मानेने बसू शकतो. तेव्हा शेरा वाचणाऱ्याला अन्यायच वाटला पाहिजे, एवढे पाहायला सांगा. त्याला ते जमते, असा माझा अनुभव आहे.