चिमाजींच्या घरची पंगत

१२ जानेवारी १९६९, रविवार
पेन्शनर मंडळाची सहल भाटघर धरणावर. आठही जण आलो. प्रत्येकाने घरून काही ना काही आणलेलं. माझ्याकडून भाकरी, भरली वांगी. चिमाजींना मात्र अध्यक्ष रामभाऊंनी आधीच सांगून ठेवलेलं — तुम्ही काही करून आणू नका. त्यांनी बाजारातून संत्री आणली.

चिमाजी रिटायर पोस्टमन. बौद्ध. दिवाळीत मंडळात आले. दर महिन्याला एकाच्या घरी जेवण असतं, तिथे ते येतात. त्यांचा पाट नेहमी शेवटचा. त्यांच्या घरचं आम्ही अजून पाणीही प्यालेलो नाही.

जेवण झाल्यावर पुढच्या पाळ्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. फेब्रुवारी — चिमाजी. मार्च — मी. रामभाऊंनी चिठ्ठी पुन्हा उलगडून पाहिली. चिमाजी खूश होते.

१७ जानेवारी
चिमाजी घरी आले. कोण मटण खातं, कोण नाही, विचारून गेले. रामभाऊंसाठी चिमाजींच्या बायकोने, सगुणाबाईंनी, नवं पातेलं आणलंय म्हणे. त्यांचं शाकाहारी वेगळं शिजवणार.

३ फेब्रुवारी
चिमाजींकडचं जेवण येत्या रविवारी. रामभाऊंना त्याच दिवशी सारोळ्याला लग्न आहे. साहेबरावांच्या पोटाची तक्रार. बाकीच्यांचंही काही ना काही निघालं. कोणी कोणाला उलटून विचारलं नाही. मीही नाही.

चिमाजींच्या मुलीला मी चौथीपर्यंत शिकवलं. पहिल्या रांगेत बसवायचो. इतकी वर्षं हे मला पुरेसं वाटत होतं. पण त्यांच्या घरी ताटावर बसायचं म्हटलं की भावकी काय म्हणेल, हेच आधी डोक्यात येतं. ही विचारत होती, जाणार ना? गुडघा दुखतोय म्हणालो.

९ फेब्रुवारी, रविवार
काल चिमाजींना रस्त्यात गाठून गुडघ्याचं सांगितलं. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. जपा, म्हणाले.

आज अकरा वाजता हिने ठेवणीतलं लुगडं नेसलं. कुठे, विचारलं तर चपला घालून निघाली. चारला परत आली. मला भूक लागली होती. चुलीवर काहीच नव्हतं. मग सांगितलं —

“आठ पाट मांडल्यालं. दोघं नवरा-बायकू दारात हुबी. म्या एकटी जेवले.”

मी म्हणालो, तू मंडळाची मेंबर नाहीस.

“व्हय. तुमी हायसा.”

एवढंच बोलून आत गेली. उरलेलं मटण सगुणाबाईंनी आळीत वाटलं, हे नंतर कळलं. नव्या पातेल्यातलं कोणी घेतलं कोण जाणे. मला विचारायचं धाडस झालं नाही.

१० फेब्रुवारी
घरातच. गुडघा दुखतो म्हटल्यावर बाहेर कसा पडणार!

२१ फेब्रुवारी
मंडळाची बैठक. चिमाजी येणार नाहीत असं सगळ्यांनी धरलेलं. वेळेवर आले. रामभाऊंना विचारलं, लग्न नीट पार पडलं ना? साहेबरावांना पोटाचं विचारलं. मला गुडघ्याचं. बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. रामभाऊ पायाकडे बघत म्हणाले, पुढच्या फेरीत पुन्हा पाळी येईलच.

मार्चच्या जेवणाला सगळे हो म्हणाले. चिमाजी तेवढे काही बोलले नाहीत.

५ मार्च
ही म्हणाली, त्यांना घरी जाऊन सांगा. गेलो. चिमाजींच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच. सगुणाबाईंनी पाणी दिलं. प्यालो. गुडघा दुखत नव्हता, तेही सांगितलं. “ठावं हाय,” चिमाजी म्हणाले. रविवारी जेवायला या म्हटलं.

“यीन की, गुरुजी. पर जेवून यीन.”