आगाऊ माफी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार. सकाळी ७
आजपासून कोणावरही हात उचलायचा नाही. नक्की.

सकाळी ९.१०
वल्ह्याने मारलं. वल्हं म्हणजे हात नाही, पण नोंद असावी.
झालं असं. ग्वारीघाटच्या पायऱ्यांवर मी एका बाईंना लाइफ जॅकेट बांधून राहिलो होतो. माझं कामच ते. नावेत बसणाऱ्यांना जॅकेट घालायचं, पट्टे आवळायचे. तेवढ्यात आमच्या विरोधी पार्टीच्या अनुपमच्या नावेवरचा एक जण मोठ्याने बोलला, "तुम्हारे श्यामसुंदर भैया तो अपने साले की नाव को रोज लाइन तोड़के नंबर देते हैं." आता हे खरं आहे, पण आमच्या नाव समितीच्या अध्यक्षांबद्दल असं बोलायचं नसतं. बाईंना म्हणालो, एक मिनिट हां ताई. वल्हं घेतलं. सात टाके. पहिल्या पायरीपासून चौथीपर्यंत रक्त. बाई जॅकेट घालूनच पळाल्या. ते जॅकेट आता माझ्या नावावर लागणार. म्हणजे खरं नुकसान माझंच.

संध्याकाळी ६
नाव समितीने मला महिनाभर घाट बंद केला. घाट बंद म्हणजे पायरीवर पाय ठेवायचा नाही, काम नाही, सरळ दिग्रसची बस. दिग्रसला बाबांना सांगून ठेवलंय की मी इथे सेफ्टी ऑफिसर आहे. परत कोणत्या तोंडाने जाणार?
पण समितीच्या नियमात अध्यक्षाला माफीचा अधिकार आहे. भैया चहा पीत होते. कप खाली न ठेवता म्हणाले, "अपना लड़का है. माफ. आगे बोलो." चार सेकंद! अनुपमच्या तोंडाकडे बघायला मजा आली.

१० नोव्हेंबर, सोमवार
आज डोळ्यात पाणी आलं. देशाचा प्रश्न नव्हता, अमेरिकेचा होता.
मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतो त्या नरहर काकांचा मुलगा तिकडे आहे. त्यामुळे त्यांच्या टीव्हीवर दिवसभर अमेरिका चालू. आज दाखवलं, अध्यक्षासाठी लोक तिथल्या संसदेत घुसले होते. काचा फोडल्या, झेंड्याच्या काठीने पोलिसांना बदडलं. मग जेल. चार वर्षांनी तोच अध्यक्ष परत निवडून आला आणि पहिल्याच दिवशी सही केली. पंधराशेच्या आसपास लोक मोकळे!
याला म्हणतात पार्टी. मी आठवीत शाळा सोडली ते बरं केलं. हे शाळेत शिकवत नाहीत.
काकांची मुलगी अस्मिता एल.एल.बी. करते. ती म्हणाली, "विनयदादा, ती माफी फक्त केंद्राच्या गुन्ह्यांना चालते. राज्याच्या केसला अध्यक्षसुद्धा हात लावू शकत नाही." मी म्हणालो, आमच्या घाटावर राज्यबिज्य नाही, फक्त भैया आहेत. ती हसली. दादा म्हणते, पण आईवडिलांसमोर म्हणावंच लागतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी १
अनुपमच्या भावाचा कान चावला. डावा. तुटला नाही, लोंबला. माझा काही विचार नव्हता, पण आमची कुस्ती चालू असताना कान एकदम समोर आला.
पंधरा दिवस घाट बंद. दहा मिनिटांत माफ.

दुपारी ४
भैयांपुढे मी माझी आयडिया ठेवली. दर वेळी मीटिंग, दर वेळी माफ, उगाच सगळ्यांचा टाइम जातो. एकदाच पुढची माफी देऊन टाका. भैया खूप हसले. मेव्हणाही हसला. मग जॅकेटच्या पावतीच्या मागे त्यांनी लिहून दिलं: "विनय को ३० नवंबर तक सब माफ. श्यामसुंदर, अध्यक्ष." खाली शिक्का.
अस्मिताला दाखवलं. तिने डोक्याला हात लावला. पण कबूल केलं की गुन्हा दाखल व्हायच्या आधीच माफी देऊन ठेवणं अमेरिकेतही झालंय. म्हणजे माझी लाइन बरोबर आहे. पावती प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवली.

१५ नोव्हेंबर, शनिवार
अनुपमने भैयांविरुद्ध अविश्वास ठराव आणला. कारण लिहिलंय की अध्यक्ष आपल्या मारकुट्या माणसांना माफी वाटतात. ठरावात माझं नाव तीन वेळा आहे. भैयांचं फक्त दोन वेळा. फोटो काढून घेतला.
२३ तारखेला मतदान. समितीत तेरा मेंबर. अध्यक्ष काढायला दोन तृतीयांश, म्हणजे नऊ. अनुपमकडे आठ. एक कमी! आमचे पाच: भैया स्वतः, त्यांचा मेव्हणा, मेव्हण्याचे दोन भाऊ आणि पुंडलिक काका.
अस्मिताला विचारलं, अमेरिकेत असं झालं की काय होतं. तीन अध्यक्षांवर मिळून चार वेळा खटला चालला, ती म्हणाली, पण दोन तृतीयांश कधीच जमले नाहीत, एकही निघाला नाही. मी टाळी वाजवली. मग म्हणाली की काही जणांनी आपल्याच पार्टीच्या अध्यक्षाविरुद्ध मत दिलं होतं. त्यांचं काय केलं मग? काहींची तिकिटं गेली, म्हणे, आणि काहींनी निवडणूक लढणंच सोडलं.
बस? हातपाय शाबूत? अमेरिकेबद्दल माझं मत थोडं खाली आलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
गद्दारी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पुंडलिक काका अनुपमच्या दुकानात बसून खोव्याची जलेबी खात होते. अनुपम स्वतः वाढत होता. दोघं कागदावर काहीतरी लिहून राहिले होते.
काका आपले मराठी माणूस. आजोबांच्या काळापासून इथे. मी नवा आलो तेव्हा पहिला महिना मला त्यांच्याच घरचं जेवण होतं. त्यामुळे जास्त लागलं. आणि नीट विचार केला तर आमच्या पाचांत भैयांच्या घरचा नसलेला माणूस तेवढा एकच.
भैयांना सांगितलं. ते म्हणाले, "पुंडलिक को हाथ मत लगाना. वो अपना वोट है. समझा?" चार लोकांसमोर म्हणाले. समजलो. मोठी माणसं चार लोकांसमोर दुसरं काय म्हणणार?

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ११
काम झालं. सविस्तर लिहितो, कारण पुढे याचा इतिहास होईल.
काका नाव धूत होते. मी आधी नमस्कार केला. विचारलं, काका, अनुपमकडे काहून गेले होते? ते म्हणाले, "तुले काय करायचं बे? जॅकेटं बांध तू." हे उत्तर झालं का? एक ठेवून दिली. त्यांनी बादली मारली, ती माझ्या गुडघ्यावर बसली. वय सदुसष्ट, पण हात भारी आहे. मग मी वल्हं घेतलं. खांद्यावर मारलं तर लाकडासारखा आवाज आला. मला वाटलं, वल्हं मोडलं. बघतो तर वल्हं चांगलं होतं.
काका नदीत पडले. मीच उडी मारली, मीच जॅकेट घातलं, मीच बाहेर काढलं. पट्टा आवळताना ते फार ओरडले. इतक्या त्रासातही मी सेफ्टी सोडली नाही, हे कोणी लक्षात घेणार नाही.
पायरीवर पडल्या पडल्या म्हणाले, "अबे येड्या, समिधाच्या लग्नाचा मंडप ठरवून राहिलो होतो मी. साऱ्या घाटात मंडपवाला तोच एक हाय."
समिधा त्यांची नात. अनुपमचं मंडपाचं दुकान आहे, हे मी विसरलो होतो. पण मंडप कोणत्या बाजूच्या माणसाकडून घ्यावा, हे काकांनी ठरवायला नको होतं का?

२० नोव्हेंबर, गुरुवार
काकांचं गळ्याखालचं हाड मोडलं. प्लास्टर, दवाखान्यात दहा दिवस. घरच्यांनी पोलीस ठाण्यात रिपोर्ट दिली. अस्मिताने दार लावून घेतलं. नरहर काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
मला टेन्शन नाही. पावती ३० तारखेपर्यंत चालते. आणि फायदा बघा. मेव्हणा आणि त्याचे भाऊ आता हलायची हिंमत करणार नाहीत. सकाळपासून तिघंही मला भैया म्हणून राहिले आहेत. निष्ठा आपोआप येत नाही, आणावी लागते.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३ (डाव्या हाताने)
मीटिंग धर्मशाळेच्या हॉलमध्ये होती. मी दाराशी उभा. भैयांनी खुर्च्या मोजल्या, परत मोजल्या. "पुंडलिक कहाँ है?" मग मीच पुढे होऊन अभिमानाने सांगितलं, भैया, त्यांचा बंदोबस्त झाला.
भैयांना काहीच माहीत नव्हतं. मला घाबरून मेव्हण्यानेही कळवलं नव्हतं. चार दिवस ते मेव्हण्याच्या गावी, सिहोऱ्याला होते. मला वाटलं होतं, मुद्दाम गेले आहेत.
सेक्रेटरीने नियम वाचला: "उपस्थित सदस्यों का दो-तिहाई." उपस्थित! तेरा असते तर नऊ लागले असते. हजर बारा. बाराचे दोन तृतीयांश आठ. मी बोटांवर मोजलं, मग मोबाइलवर केलं. दोन्हीकडे आठच आले.
अनुपमकडे आठ होतेच.
भैया अध्यक्षपदावरून गेले. अमेरिकेत जे कधी झालं नाही ते ग्वारीघाटला माझ्यामुळे झालं. पण या बाजूने विचार करायला वेळ मिळाला नाही. मेव्हण्याने माझी मान धरली, त्याच्या दोन भावांनी पाय, आणि भैयांनी वल्हं. उजवा हात मनगटापाशी गेला. दोन दात. एक बरगडी, बहुतेक. पार्टीत इतकी एकी मी पहिल्यांदाच पाहिली.
मला सोडवलं कोणी? अनुपमच्या माणसांनी. सात टाकेवाल्याने उचललं, लोंबत्या कानवाल्याने पाणी पाजलं. अनुपमने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, म्हणाला, "मान गए गुरु, असली खिलाड़ी तो तू निकला." त्यांना वाटतं, मी आतून त्यांचाच होतो. मी नाही म्हणणार होतो, पण तोंडात कापूस होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार
ठाण्यात नेलं. मी शांतपणे पावती काढली. साहेबांनी वाचली. मग हवालदाराला मोठ्याने वाचायला लावली. मग दुसऱ्या खोलीतल्या लोकांना बोलावून परत वाचायला लावली. साहेब डोळे पुसत म्हणाले, "तीस तक वैलिड है? तो इकतीस को आना था, बेटा." मी म्हणालो, नोव्हेंबरला एकतीस नसतात साहेब. तर हवालदाराने एक वाजवली. माहितीची इथे किंमत नाही.
पावती फाइलला लावली. पुरावा म्हणून.
नरहर काका जामीन राहिले. दारात म्हणाले, "महिनाअखेर खोली खाली कर." अस्मिताने एवढंच सांगितलं की अमेरिकेतही दोन तृतीयांश हजर असलेल्यांचेच लागतात. हे आधी सांगायचं ना! ती म्हणाली, "तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

२७ नोव्हेंबर, गुरुवार
राजकारण आता मला पूर्ण कळलं. अनुपम अध्यक्ष. मी त्याच्या गोटात. हे काही पार्टी बदलणं नाही, पार्टीच माझ्याकडे चालत आली. अनुपमला निरोप पाठवला की जुनी माफी भैयांबरोबर गेली, तर तू तुझ्या सहीने नवी दे. मनगट बरं झालं की तुझ्यासाठीही हीच सेवा करीन. ज्याला सांगशील त्याला.
उत्तर यायचंय.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी १०
उत्तर आलं. अनुपम आणि भैयांचा समझोता झाला. अनुपम अध्यक्ष, भैया उपाध्यक्ष, मेव्हण्याच्या नावेचा नंबर तसाच चालू. दोघांनी मिळून पहिला ठराव मांडला: विनयला घाट कायमचा बंद, आणि या ठरावावर कोणत्याही अध्यक्षाला माफीचा अधिकार नाही. हॉलमध्ये बारा जण होते. बाराच्या बारा हात वर.
भैयांचाही. मी ज्यांच्यासाठी दात दिले त्यांचा.
पण मी नीट बघतो. मेंबर तेरा आहेत. एक हात वर गेला नाही. पुंडलिक काकांचा. हाड मोडूनही काकांनी माझ्याविरुद्ध मत दिलं नाही! खरा पार्टीचा माणूस हाच निघाला, आणि मी ओळखला नाही. केसही त्यांचीच आहे. त्यांनी माफ केलं तर कोर्टातही काम हलकं होईल. आता दवाखान्यात जाऊन पाया पडतो. जलेबी घेऊन.

दुपारी १
गेलो. काका उशीला टेकून बसले होते, समिधा दलिया भरवत होती. मी पाया पडलो. म्हणालो, काका, सगळ्या घाटाने माझ्याविरुद्ध हात वर केला, एकट्या तुम्ही नाही केला. माफ करा, मी तुमचाच आहे.
काका समिधाकडे पाहून म्हणाले, "याले कोणी सांगतलं नाही काय?"
ती म्हणाली, आजोबांनी मत स्वतःच्या फोनवरून दिलं, दुसऱ्याच्या नंबरवरून धरत नाहीत. सेक्रेटरीने स्पीकर लावला होता. तेरा विरुद्ध शून्य.
मी विचारलं, फोनवर चालतं? मग त्या रविवारी काहून नाही दिलं? एका मताने भैया वाचले असते, मी वाचलो असतो, माझा हात वाचला असता!
काकांनी जलेबीचा पुडा समिधाकडे दिला आणि म्हणाले, "त्या रविवारी फोन कुठं होता बे माझ्यापाशी? तू मले पाण्यात ढकललं, तवा तो खिशातच होता. नवा परवा आला. पहिला कॉल तुह्याच ठरावासाठी केला."