एका कोपऱ्याचा गोंडा

एलियास, माझ्या बाळा,

तुझे पप्पा सकाळी गेले. तिकडं इस्राएलला फोन लागंना. हे पत्र तुला भेटंस्तोर माती होऊन जाईल, म्हणून टाकणारच न्हाई.

चार कोपऱ्यांना दोऱ्यांचे गोंडे असलेली सिसित ते रोज शर्टाखाली घालायचे. तीच अंगावर घालून त्यांना पुरायचं. पण आधी एक गोंडा कापावा लागतो; मेलेल्याला धर्माचं बंधन न्हाई म्हणून. आजोबांच्या वेळी तूच कापल्ता. आपल्या परतुरात आता दुसरं यहुदी घरच न्हाई.

धुताना एक दोरा तुटला तरी घर डोक्यावर घ्यायचे रे ते!

शेजारचे पाशामियाँ कबर खोदून आले. "भाभी, जल्दी करा," म्हणून राह्यले.

कात्री हातात हाय, अन् मी सवयीनं गोंड्याचा गुंता सोडवून राह्यले.

तुझी आई,
रिबका