प्रभात मंडळाची साफसफाई

सोमवार, ८ डिसेंबर
उमरखेडच्या आमच्या मॉर्निंग वॉक मंडळाच्या ग्रुपवर आज लॉटरीची जाहिरात आली. ॲडमिन मी, म्हणजे नाक माझंच कापलं गेलं. ठरलं, बॉट बसवायचा. नुसत्या नव्यांना नाही, जुन्या मेंबरांनाही तपासायचं. माणूस कोण, रोबो कोण, एकदा कळू दे. रविवारी माझी एकसष्टी. शुभेच्छांच्या मधे लॉटरी नको.

मंगळवार, ९ डिसेंबर
बॉट बसला. नियम माझाच. शब्दाला शब्द सारखे मेसेज आले की पाठवणारे रोबो. मेसेज पुसायचे, सगळ्यांना बाहेर काढायचं. आमची सौ. सुचित्रा म्हणाली, इथे रोज सगळे शुभ सकाळच तर लिहितात. म्हटलं, शिस्त लागेल.

बुधवार, १० डिसेंबर
विमलताई बाहेर. रोज तोच गुलाब, तोच सुविचार. फोन आला. जन्मभर शाळेत हजेरी घेतली मी, अन् आता तुमचं मशीन मलेच तपासून राह्यलं काय, म्हणाल्या. नियम सर्वांना सारखा, असं नम्रपणे सांगितलं. फोन कट झाला. बहुधा रेंज गेली.

शुक्रवार, १२ डिसेंबर
ग्रुप एकदम शांत. बॉट उत्तम चालतोय. फिरताना फुलचंद कापडवाला भेटला. मागच्या महिन्यात याच्या वाढदिवसाला ग्रुप दिवसभर वाजत होता. म्हणे, नरहरभाऊ, कोणी काही लिहूनच नाही राह्यलं. जळतो माझ्यावर.

शनिवार, १३ डिसेंबर
थोडी काळजी. लोक बुजलेत. विमलताईंना मोठ्या मनाने परत घेतलं. मग प्रत्येकाला पर्सनल मेसेज केला. उद्या लिहायला सुचलं नाही तर हा मजकूर तयार आहे: ‘मंडळाचे आधारस्तंभ नरहरराव यांना एकसष्टीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!’ कॉपी करा, सकाळी आठला टाका. कोणाला त्रास नको. फुलचंदला मुद्दामच पाठवला नाही.

रविवार, १४ डिसेंबर. सकाळी ७
आज फिरायला गेलो नाही. फोन फुल चार्ज. सुचित्रा शुभेच्छा द्यायला आली. म्हटलं, इथे नको, ग्रुपवर टाक. चारचौघांना दिसलं पाहिजे.

सकाळी ८.३०
अंघोळ करून आलो. शुभेच्छा शून्य. बॉटचा रिपोर्ट: एकतीस रोबो हटवले, ग्रुप सुरक्षित. पहिलंच नाव सुचित्राचं. आत उरलो मी आणि फुलचंद.

सकाळी ११
कोणी फोन उचलत नाही. विमलताईंनी उचलला. एका हप्त्यात दोनदा हाकलता काय मले, म्हणाल्या आणि ठेवला. रेंज चांगली होती.

दुपारी
ग्रुपवर फुलचंद: भाऊ, ग्रुप असा सामसूम काहून हाय? कोणी गेलं काय?
फार वाईट वाटलं. काय लिहावं सुचेना, आणि तयार मजकूर नव्हता. सुचित्रा शिऱ्याची वाटी घेऊन आली. आता तोंडी चालतील का, म्हणाली.
चालतील म्हटलं.