कडेचा तुकडा

शनिवार, २४ जानेवारी

पोचलो एकदाचा. मडगावला गाडीत बसल्यापासून खोकं मांडीवरच. थर्माकोलचं खोकं, आत बर्फ, बर्फात डुकराच्या पोटाचा पसरट तुकडा — कातडीसकट. कोल्हापूरला रसवाल्याकडनं नवा बर्फ घेतला. बारामती डेपोत उतरलो तर एक कुत्रं नाक लावून मागंच लागलं! निमगावच्या गाडीचा कंडक्टर म्हणाला, "गोव्यातनं मासळी आणली जणू?" मी म्हणालो व्हय. पहिलं खोटं ते.

दुसरं घरात. आईनं दारातच विचारलं, "खोक्यात काय रं, युवऱ्या?"

"मटण. बारामतीत मुलाण्याकडनं घेतलं. उद्या मी करणार."

मुलाणी कुठनं तोंडात आला, देवाला ठाऊक. डुकराचं म्हणालो असतो तर खोकं आणि मी, दोघं उकिरड्यावर असतो.

पण करू काय? कुस्तोदमामा आमच्या हाटेलातला मोठा आचारी. त्याचे गुडघे गेले, आता घरी बसणार. मालक मला म्हणाला, "फेब्रुवारीत लग्नाची ऑर्डर हाय. डुकराचा भरलेला रोल तुला येतो का?" म्हणालो, येतो. कधी हात लावलेला नाही! भांडी घासता घासता नुसता बघत आलोय. जमला तर आचारी, नाही तर परत मोरी. आणि तिथं चुकायला मांस कोण देतंय? म्हणून हितं, घरात.

फ्रिजात सगळ्यात मागं ठेवलंय. आई फ्रिज उघडायला गेली की मी आधी उठतो.

रविवार, २५ जानेवारी

झालं ते सगळं लिहितो.

सकाळी परसात तीन दगड मांडले. आईचं जाड पातेलं, तळाला वाळू, वाळूवर ताटली, वर झाकण, झाकणावर निखारे. झाली भट्टी. मांस चटईसारखं पसरलं, कातडी खाली. वर लसूण, मिरची, मीठ, सिरका, तळलेला कांदा. पावाचा चुरा पाहिजे होता, पाव नव्हता — खारी कुस्करली. मिरी थोडी होती, मग आईचा काळा मसाला मारला. मामानं बघितलं असतं तर उलथनं फेकून मारलं असतं.

गुंडाळलं. आता बांधायला दोरा? मामाचा पांढरा सुती दोरा आणायचा विसरलो! आईनं गोधडीचा लाल दोरा दिला. मामाची गाठ डोळ्यांपुढं येत होती, हातात येत नव्हती. शेवटी उसाची मोळी आवळतात तशी आवळली, गुडघा टेकवून, पीळ देऊन. बसली!

आई लांबनंच, "मटणाच्या पोटात मसाला भरतोय! वांगं हाय का ते?"

आबा म्हणाले, "गोव्याला जाऊन भरलं वांगं शिकलंय पोरगं."

हसलो. पण आई उठून आली की मी आडवा. "वाफ लागंल, आई." "धूर हाय, आई." कातडी दिसली असती की संपलं होतं.

दुपारी काढलं. दोऱ्याचा लाल रंग उतरून पट्टे पडलेले, पण कातडी फुगून कुरकुरीत. अगदी मामासारखी! मामाचं एकच सांगणं, "मधी गुलाबी दिसलं तर वाढायचं न्हाय." कापलं. गुलाबी नव्हतं. पुरतं शिजलेलं. परसात एकटाच नाचलो.

कातडी सोलून आतले काप तेवढे वाढले. कडेचा एक तुकडा कातडीसकट — तो आत फळीवर वाडग्याखाली झाकला. माझ्यासाठी.

आबांनी दोनदा मागून घेतलं. "मऊ हाय. कवळ्या बोकडाचं दिसतंय." मग आईकडं बघून म्हणाले, "पोरगं कायतरी शिकलं म्हणायचं." माझ्याबद्दल आबा असं बोलल्याचं मला आठवत नाही. मान वर करता येईना. आई "लई तेलकट" म्हणाली, पण खाल्लं.

हात धुऊन आत गेलो. वाडगा उपडा, खाली काही नाही.

"ते व्हय? करिमाला दिलं की डब्यातनं," आई म्हणाली. "कडेचा कुरकुरीत तुकडा, वर मसाल्याचा पापुद्रा, चांगलाचुंगला. तिला म्हणलं, मुलाण्याकडचंच हाय, बिनघोर खा."

माझंच खोटं, डब्यात भरून गेलं.

दस्तगीरचाचाचं घर आमच्या भिंतीला भिंत. ईदला त्यांचा शीरखुर्मा हिकडं, दिवाळीला आमचा फराळ तिकडं. आमच्यात मटण मुलाण्यानं कापलेलंच येतं, म्हणून करिमाचाची आमच्या घरचं मटणही खाते. कधी विचारत नाही. तिचा आईवर भरवसा. आणि आईचा माझ्यावर.

पळत गेलो. डबा ओट्यावरच होता, झाकण लावलेला, आईचं 'कुशाबाई' नाव कोरलेला. चाची भाकरी थापत होती. "ये रं गोयंकर! तुजे चाचा आलं की खातो. वास तर लई भारी सुटलाय."

हात नुसता पुढं करायचा होता. एवढंच. म्हणायचं होतं, चाची, तो डबा दे, चुकून आलाय.

चाची म्हणाली, "काय पायजे?"

म्हणालो, "पाणी."

पाणी पिऊन परत आलो. मी पाणी पिऊन परत आलो!

सोमवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. दस्तगीरचाचा दरवर्षी पहिल्या रांगेत असतो. आज दिसला नाही.

खाल्लं असणार. खाऊन कळलं असणार.

मंगळवार, २७ जानेवारी

डबा परत आला नाही. चाची डबा कधी ठेवून घेत नाही, आणि रिकामा तर कधीच देत नाही. कधी मूठभर शेंगा, कधी दोन लिंबं. आई भिंतीवरनं म्हणाली, "करिमा, डबा खाल्लास का काय गं?" पलीकडं भाकरी थापल्याचा आवाज थांबला. आईला वाटलं ऐकू गेलं नाही. मला माहीत आहे, गेलं.

जेवण जात नाही. आई म्हणते, "सोता केलेलं सोताच खाईना. आचारी कसला!"

बुधवार, २८ जानेवारी

अनसला गाठायला बारामतीला गेलो. अनस म्हणजे चाचाचा पोरगा. स्टँडजवळ मोबाईलच्या दुकानात कामाला असतो. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. त्याला आधी सांगू, मग तो घरी सांगंल — असं मनात होतं. भित्रटपणाच, दुसरं काय.

मला बघितलं आणि त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला.

"एकटाच आलायस?" हा त्याचा पहिला सवाल! आणि माझ्या मागं रस्त्यावर बघतोय.

"एकटाच. का रं?"

"काय न्हाय. गिऱ्हाईक हाय, युवराज."

युवराज! जन्मात युवऱ्याशिवाय बोलला नाही.

"शुक्रवारी नमाजाला घरी येणार न्हवं?"

"न्हाय. अब्बा म्हणलं, येऊ नको."

दुकानात गिऱ्हाईक कुणीच नव्हतं. रसवंतीजवळ उभा राहिलो, परत दुकानात जावं का म्हणून. मग गाडी आली, बसलो.

म्हणजे खाल्लं. कळलं. आणि चाचानं पोराला सांगितलं की त्या घराचं तोंड बघू नको. आता आबांपर्यंत कधी येतं, तेवढंच राहिलं. आबांनी दोनदा मागून खाल्लंय. त्यांना काय तोंडानं सांगू? पारावर कोण बसू देईल त्यांना? आई ते पातेलं रोज वापरती. त्यात देवाचा नैवेद्य केला तिनं काल.

गुरुवार, २९ जानेवारी

सकाळपासून पलीकडनं ठोकाठोकी. गेलो बघायला. चाचा दाराला आतनं नवी कडी बसवत होता. जाड, लोखंडी.

"जुनी मोडली का, चाचा?"

"व्हय." वर बघितलं नाही. खिळे तोंडात धरलेले.

तिसऱ्या प्रहरी आई स्वतः गेली, हळदीकुंकवाची राहिलेली तिळगुळाची पुडी घेऊन. दार अर्धंच उघडलं. चाची म्हणे, "ताप हाय मला, लांबच राहा बाई." आणि दार लावलं. आई पुडी हातात घेऊन परत आली. चुलीपाशी बसून राहिली. "माझं काय चुकलं रं? एवढ्या वर्सात तिनं मला उंबऱ्याभायेर ठेवली न्हवती."

मी तिथनं उठून गोठ्यात गेलो. म्हशीच्या पाठीवर डोकं टेकवून उभा राहिलो.

शुक्रवार, ३० जानेवारी

उद्याची गाडी आहे. बॅग भरली. गेलो की सुटलो — असं मनात दिवसभर. मडगावला पोचायचं, रोल करायचा, आचारी व्हायचं, हितं परत यायचंच नाही.

पण गोव्यातबी रोलच बांधायचाय. प्रत्येक गाठीला हे आठवणार.

चाचा माझ्या अंगावर आला तर येऊ दे. मारलं तर मारू दे. आईनं तिथं उंबऱ्यावर उभं राहायचं आणि मी गाडीत बसून जायचं, हे होणार नाही. उद्या गाडीच्या आधी सांगतो. मग आबांना.

लिहायला किती सोपं!

शनिवार, ३१ जानेवारी

सांगितलं. चाचा दारापुढच्या ओट्यावर एकटा होता. खोकं, मुलाण्याचं खोटं, वाडग्याखालचा तुकडा — सगळं. आईला आणि आबांना काही ठाऊक नाही, हेही.

चाचानं आधी आमच्या भिंतीकडं बघितलं, मग बोलला.

"ट्रकवर हुतो तवा गोव्याच्या खेपा केल्यात मी. झाकण काढल्या-काढल्या वळखलं. कुणी खाल्लं न्हाय. डब्यासकट लिंबाखाली पुरलं."

मी रडायलाच लागलो. म्हणालो, मग त्याच दिवशी येऊन माझ्या थोबाडात का नाही दिली?

"तुज्या?" चाचाचा आवाज एकदम बारीक झाला. "कुशाबाईनं सोताच्या हातानं दिला डबा. मुलाण्याचं हाय म्हणून. आमाला वाटलं, ठरवून दिलाय. आता रोज कायतरी हुणार. म्हणून अनसला येऊ नको म्हणलं. ती कडी बघितलीस न्हवं? ती तुमाला भिऊन ठोकलीय, बाळा."

तेवढ्यात भिंतीपलीकडनं आईनं हाक मारली, "करिमाऽ! डबा ऱ्हाऊ दे बाई तुलाच. पण तू ये!"

सगळं ऐकूनबी चाचा दचकला.