घोकलेली साक्ष

बाबा, त्या साक्षीबद्दल आपण घरात पुन्हा कधीच बोललो नाही. आज बोलते.

डिलाईल रोडवर गोळी चालली त्या दुपारी शेजारच्या काकींचा नवरा गॅलरीतच कोसळला. तुम्ही दारात उभे होतात. तो दगड मारत होता, असं पोलिसांनी वर लिहून पाठवलं. काकींना तेवढा ठपका पुसून हवा होता, आणि चौकशीत बोलायला तयार झालेले तुम्ही एकटे. आदल्या संध्याकाळी मला सांगितलंत, "तेच्या हातात दगड खयचो? वलां धोतर होतां. ता काढूक गेल्लो." एवढंच पुरे होतं. पण मी दादरच्या शाळेतून मॅट्रिक झालेली, दीडशहाणी! बाहेर मराठी राज्यासाठी घोषणा चालल्या होत्या आणि मी स्टोव्हपाशी बसून बापाची मराठी धुऊन काढत होते. 'सदर इसम वाळत घातलेले वस्त्र काढण्यास गेला असता' असं लिहिलं आणि तुमच्याकडून घोकून घेतलं. "बाय, ह्यां माझ्या तोंडात बसणां नाय गो," तुम्ही म्हणालात. मी चिडले. "साहेबापुढे असं गावंढळ बोलणार? हसतील, बाबा!"

दुसऱ्या दिवशी तुम्ही चौकशीच्या साहेबापुढे उभे आहात, टोपी हातात, आणि मी मागच्या बाकावर ओठ हलवतेय. पहिलं वाक्य नीट जातं. दुसऱ्यात अडखळता, पुन्हा पहिल्यापासून सुरू करता. साहेब पेन खाली ठेवतो. "गिरणीत साचे चालवणारा माणूस असं बोलतो? कुणी पढवलं तुला?" तुम्ही माझ्याकडे बघत नाही. "कोणी नाय, सायबा." मग घाईघाईने धोतराचं सांगू लागता, पण तोवर त्याने कागद मिटलेला असतो. मी बाकावरून उठले नाही.

चाळीच्या जिन्यात काकी वाट बघत होत्या. "मीच इसारलंय, वैनी," एवढंच त्यांना म्हणालात. खोलीत आल्यावर मला हळूच म्हणालात, "बाय, खरां होतां, ता खोटां झालां." काकी त्यानंतर तुमच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, तुमच्या मयतीलाही दार लावून बसल्या.

गेल्या आठवड्यात त्या माहीमला भेटल्या. फार थकल्यात. माझा हात धरून म्हणाल्या, "तुझो बापूस तेव्हा भियालो गो." मी मान हलवली, हो म्हणून. खरं तर हे पत्र त्यांना लिहायला हवं. पण त्या जिवंत आहेत, बाबा, आणि उत्तर देतील.