बासी म्हणजे भात नाही

१२ ऑक्टोबर, रवि.
क्लास सुरू. फूड इन्स्पेक्टरची परीक्षा डिसेंबरात. शिकवणाऱ्या डॉ.मॅ., म्हणजे डॉक्टर मॅडम, गुरांच्या सरकारी डॉक्टर, रोज कत्तलखान्यात मांस तपासतात आणि रविवारी वैशाली नगरातल्या आपल्या गॅरेजमध्ये आम्हाला शिकवतात. पहिल्याच दिवशी एकेकाला विचारलं, कशाला व्हायचंय इन्स्पेक्टर? मी म्हणाले, जनतेच्या आरोग्यासाठी. साफ खोटं. मला ना.का.च्या दुकानाला कुलूप लावायचंय, आणि ते आपल्या हाताने.

ना.का. म्हणजे नामदेव काका. सावजी मटनाचं दुकान, शिवाय केटरिंग. भंडाऱ्याकडून इथे हिंदी मुलखात आलेले, म्हणजे आमचेच. लहानपणी यांच्या खांद्यावर बसून रावण जळताना पाहिलाय मी.

१३ ऑक्टो.
झोपताना तेच तेच डोक्यात घोळतं. लिहून टाकते एकदा.

मे महिन्यात बाबा प्लांटमधून रिटायर झाले. हॉल घेतला, सगळं शॉप, म्हणजे बाबांचं अख्खं खातं, रात्री जेवायला बोलावलं, मटन ना.का.चं, सोबत आईने घरून नेलेला पाण्यातला भात. दुसऱ्या दिवशी अर्धं शॉप दवाखान्यात. संध्याकाळी फूड इन्स्पेक्टर साहेब चौकशीला घरी आले. साहेब समोर आला की आईची हिंदी लटपटते. ती एवढंच म्हणाली, "साब, बासी था।" आपल्यात बासी म्हणजे शिळं. मटन शिळं होतं, असं तिला म्हणायचं होतं. पण इथल्या बोलीत बासी म्हणजे रात्री पाण्यात घातलेला भात. उन्हाळ्यात घरोघरी खातात, आईसुद्धा इथे येऊन शिकली. नेमकं ओट्यावर तिचं बासीचं गंज, म्हणजे पातेलं, होतं. साहेबाने झाकण उचललं. "अच्छा, बासी! गर्मी में खट्टी हो गई होगी, माताजी।"

आईने ना.का.कडे पाहिलं. ते तिथेच उभे होते. या घरात बासी कशाला म्हणतात आणि बाहेर कशाला, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? ते म्हणाले, "हाँ साब, भाभी तो रोज बनाती हैं।"

झालं. मटनाचा विषयच निघाला नाही, मटनाचा मोठा हंडा, देग, तर आधीच घासून ठेवलेला. शॉपमध्ये बोभाटा झाला की रिटायरमेंटच्या जेवणात वहिनीने खराब बासी वाढली. ज्यांनी आयुष्यभर बाबांच्या डब्यातलं खाल्लं, ते आता आमच्याकडे चहासुद्धा टाळतात. बाबा चौकात बसायला जात नाहीत. आईने त्यानंतर भात भिजवलेला नाही.

चूक झाली असती तर माफ केलं असतं. ही चूक नव्हती.

१९ ऑक्टो., रवि.
आज सळईचा धडा. मांस वरून ताजं दिसतं, कुजायला लागतं ते आत, हाडाजवळ. स्वच्छ सळई मांडीत हाडापर्यंत खुपसायची, बाहेर काढायची, लगेच नाकाशी धरायची. मॅडम म्हणाल्या, डोळ्याला फसवता येतं, नाकाला कठीण. मला आवडला हा धडा. घरी येऊन आईची विणायची सुई पर्समध्ये टाकली.

२ नोव्हें.
ना.का.च्या दुकानात गेले. "ये बाई, किती वाळली तू! इन्स्पेक्टरीन होऊन राहिली म्हणते? आमाले सोडजो बाप्पा!" आणि खदखदून हसले. ते गिऱ्हाइकाशी बोलत असताना लटकवलेल्या मांडीत सुई घातली, काढली, हुंगली.

ताजं. चरबी पांढरी, मांस घट्ट, बोट दाबलं की खड्डा लगेच भरतो. इतका राग आला की विचारता सोय नाही. चांगलं मांस पाहून रागावणारी मी एकटीच असेन.

घरी बाबांना कळलं. "कावून उकरून राहिली तू? आपलाच माणूस आहे."
आपलाच! या एका शब्दावर ना.का. गेली कित्येक वर्षं जेवून राहिलेत.

१६ नोव्हें., रवि.
मॅडमना विचारलं, मांस ताजं असेल तर इतके लोक आजारी कसे? नाव सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, शिजवल्यावर किती वेळ ठेवलं ते विचार. वर साठ, खाली पाच. म्हणजे गरम ठेवायचं तर साठ डिग्रीच्या वर, थंड ठेवायचं तर पाचच्या खाली. मधल्या कोमटात जंतू माजतात. मोठा देग झाकून ठेवला तर तासन् तास कोमटच राहतो. आणि वास? "वास येईलच असं नाही. चवसुद्धा बिघडत नाही कधीकधी."

आईला विचारलं, त्या दिवशी मटनाला वास होता का गं?
"वास कुठचा? पन सकायचं होतं न ते. त्याची दुसरी ऑर्डर होती अहिवाऱ्याले. दोन्हीकडचं सकायीच शिजवलं, अन् आपला देग दिवसभर टेम्पोत. मी पाह्यला न उतरवताना. म्हनून तं बासी म्हनलं."

मे महिन्यातला टेम्पो. झाकलेला देग. आई शाळा सोडून घरी बसलेली बाई, पण एका शब्दात सगळं बोलली होती. कुणी ऐकलं नाही, आणि ज्याला कळलं त्याने उलटवलं.

आता सुई नको. थर्मामीटर पाहिजे.

२१ डिसें.
पेपर झाला. जनावर कापण्याआधीची तपासणी, कापल्यानंतरची, लिव्हर, गाठी, सगळं आलं. शिजलेलं मांस साठवण्यावर मोठा प्रश्न होता. पुरवणी लागली. देव आहे.

९ मार्च
लिस्टमध्ये नाव आहे!!! बाबा पहिल्यांदा चौकात गेले, पेढे घेऊन. कोणी घेतले, कोणी नुसतेच हातात धरले. ना.का.नी मात्र दोन उचलले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपली पोरगी!"
दात-ओठ खाऊन घरी परत.

४ मे
ट्रेनिंग डॉ.मॅ.च्याच हाताखाली. पहाटे कत्तलखाना. एका बकऱ्याच्या लिव्हरवर पाण्याचे फोड. कुणाचं बकरं? कामगार म्हणाला, नामदेव सावजीचं. माझे हात शिवशिवले. म्हणाले, मॅडम, पूर्ण बकरं बाद करू या. त्यांनी सगळं नीट पाहिलं, फुप्फुसं, गाठी, मांस. "लिव्हर बाद. बाकी पास. बकरं कुणाचं आहे ते बकऱ्याला माहीत नसतं."
मान खाली घालून शिक्का मारला. निळा शिक्का त्याच्याच मटनावर, माझ्याच हाताने! तळपायाची आग मस्तकात.

१५ मे
लग्नसराईची तपासणी उद्यापासून. केटरर निवडले, त्यात ना.का. आहेत. रसमड्याच्या एका फॅक्टरीत संध्याकाळचं जेवण आहे, आणि देग सकाळीच चढणार. मला थर्मामीटर मिळालाय. दिवसभर पर्समध्ये हात घालून चाचपते आहे.

मग मॅडमचा मेसेज. प्रत्येक ट्रेनीला एकच प्रश्न: उद्याच्या यादीत कुणाशी ओळख, नातं, भांडण आहे का? असेल तर तिथे तुम्ही जायचं नाही.

आहे म्हटलं तर माझ्याऐवजी जुने साहेब जातील. तेच, गंजाचं झाकण उचलणारे. नाही म्हटलं आणि नंतर निघालं, तर ना.का. म्हणतील पोरीने दावा साधला, आणि पुन्हा सुटतील.
उत्तर दिलं नाही.

१६ मे, सकाळ


आत्ता ना.का. घरी येऊन गेले. तपासणीचं कसं कळलं कोण जाणे. बाबांशेजारी बसले. "बाई, आपन आपलेच. काय असन ते घरातल्या घरात."
मी तोंड उघडणार तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. हातात वाटगा. बासी. वर कांदा, मीठ, बाजूला लोणचं. काल कधी भिजवली, मला पत्ताच नाही. वर्षभरात पहिल्यांदा.

वाटगा त्यांच्यापुढे ठेवला. "खा भाऊजी."
"नाश्ता झाला न वहिनी."
"खा. हेच खाऊन शॉपचे लोकं पडले होते न?"

ना.का.नी बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खाल्ली. सगळी, शेवटचं पाणीसुद्धा पिऊन. आई समोर उभी राहून बघत होती. तिला इतकी ताठ मी कधी पाहिली नाही.

"कशी आहे?"
"चांगली आहे, वहिनी."
"मंग चौकात चाला. तुमची हिंदी चांगली आहे. तिथं सांगा."

ना.का.नी उठून नळावर हात धुतले. मग चप्पल घालून गेले. चौकाकडे वळले की दुकानाकडे, ते आमच्या दारातून दिसत नाही. आई बघायला गेली नाही. वाटगा घासत बसली.

जीप यायची वेळ झाली. मॅडमचा प्रश्न फोनवर तसाच: ओळख आहे का?

'आहे' असं लिहिलंय. बोट अजून पाठवायच्या बटणावर आहे, आणि कान चौकाकडे.